उंबरठ्यावरील अक्षरे : कुट्टिमलेखन आणि त्याचे शिक्षण

घराच्या किंवा दुकानाच्या प्रवेशभूमीवर लहान लहान रंगीत खडे बसवून नक्षी काढावी, आणि त्या नक्षीत मालकाचे नाव, आल्यागेल्याचे स्वागत किंवा एखादी सूचना अक्षरांनी लिहावी, ही प्रथा भूमध्य समुद्राच्या परिसरात दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. कलेतिहासाच्या ग्रंथांत ह्या प्रवेशभूमीवरील चित्रांचा विचार पुष्कळ झालेला आढळतो. पण त्यांतील अक्षरांकडे सामान्यतः केवळ शिलालेखवाचनाच्या दृष्टीने पाहिले जाते. लेखात काय लिहिले आहे हे सांगितले, की अभ्यासकाचे काम संपते. ते अक्षर खड्यांत कसे घडले, आणि तसे घडविण्यास कारागीर कोणत्या क्रमाने शिकतो, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. आपल्याकडे ‘मोझॅइक’ ह्या शब्दाने बहुधा संगमरवराची कच सिमेंटमध्ये मिसळून, घासून गुळगुळीत केलेली लादी समजली जाते. वस्तुतः तिचे नाव ‘टेराझो’. मुंबईकडील गच्च्यांवर फुटक्या चिनी मातीच्या लाद्यांचे तुकडे बसवितात, त्यासही हेच नाव देण्याची चाल आहे, आणि ते नाव मूळ अर्थाच्या अधिक जवळचे आहे. ह्या लेखात ‘कुट्टिम’ हा शब्द एका निश्चित अर्थाने योजला आहे : दगड, भाजलेली माती किंवा काच यांचे हाताने फोडलेले लहान घनाकार तुकडे चुन्याच्या अथवा सिमेंटच्या ओल्या थरात एकेक करून बसविलेली भूमी. अशा एका तुकड्यास येथे ‘खडा’ म्हटले आहे.

प्राचीन उदाहरणे

अशा प्रवेशलेखांची सर्वांत परिचित उदाहरणे इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडतात. ‘फॉनचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्याच्या दारापुढील पदपथावर ‘हावे’ हा एकच शब्द रंगीत दगडांत बसविलेला आहे. तो अभिवादनाचा शब्द होय. १८३१ मध्ये ज्या घरात अलेक्झांडरच्या युद्धाचे विख्यात कुट्टिमचित्र मिळाले, ते हेच घर. ‘शोकांतिकाकाराचे घर’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या घराच्या देवडीत साखळदंडाने बांधलेला काळा कुत्रा असून त्याच्या पायांशी ‘कावे कानेम’, म्हणजे ‘कुत्र्यापासून सावध’, अशी अक्षरे आहेत. सिरिकस नामक गृहस्थाच्या घराच्या प्रवेशद्वारी ‘साल्वे लुक्रु’, म्हणजे ‘लाभा, तुझे स्वागत असो’, असे लिहिले आहे. लॅटिन व्याकरणाप्रमाणे त्या दुसऱ्या शब्दाच्या शेवटी ‘म’ हवा; परंतु हा अंत्य मकार बोलण्यात गळत असे व साध्या लेखनातही पुष्कळदा गळतो. आपल्याकडील व्यापाऱ्याच्या दारावरील ‘शुभ लाभ’ ज्यास परिचित आहे, त्यास ह्या लेखाचा भाव समजावून सांगण्याची गरज नाही.

रोमचे बंदर असलेल्या ओस्तिया येथे व्यापारी कचेऱ्यांचा एक मोठा चौक आहे. त्याच्या भोवतालच्या सुमारे साठ लहान कोठड्यांपुढे काळ्या-पांढऱ्या खड्यांची भूमी असून तीवर त्या त्या मंडळीचे नाव व चिन्ह आढळते. आफ्रिकेतील साब्राथा येथील व्यापाऱ्यांच्या कचेरीपुढे हत्ती आहे. सार्डिनियातील कारालिस, म्हणजे हल्लीचे काल्यारी, येथील नाविक व व्यापारी यांच्या कचेरीपुढे जहाज आहे. बहुतेक कुट्टिमे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची आहेत. दुकानाच्या पायरीवर मालकाचे नाव बसविण्याची पुढे युरोप-अमेरिकेत रूढ झालेली रीत येथे पूर्ण विकसित स्वरूपात दिसते.

तिसरे उदाहरण शिक्षणाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. इस्रायलमधील बेथ आल्फा येथील सहाव्या शतकातील यहुदी प्रार्थनामंदिराचे उत्खनन सुकेनिक ह्या पुरातत्त्वज्ञाने १९२९ मध्ये केले. मंदिराच्या प्रवेशाशी, सिंह आणि बैल यांच्यामध्ये, दोन लेख आहेत. एक अरमाईक भाषेत व दुसरा ग्रीकमध्ये. अरमाईक लेखात जस्टिन नामक सम्राटाच्या कारकिर्दीचा उल्लेख येतो. ग्रीक लेखात मारिआनोस आणि त्याचा पुत्र हनिना ह्या कारागिरांची आठवण राहावी अशी इच्छा व्यक्त केली आहे. एकाच प्रवेशभूमीवर दोन लिप्या, आणि काम करणारे बाप व लेक : ही विद्या कोणत्या मार्गाने संक्रांत होत होती, ह्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

खडा आणि रेषा

लेखणीने किंवा कुंचल्याने काढलेल्या अक्षराची जाडी ही हाताच्या दाबावर व टोकाच्या कोनावर अवलंबून असते. कुट्टिमात तसे नाही. तेथे रेषेची किमान जाडी म्हणजे एका खड्याची रुंदी, आणि दोन रेषांमधील किमान मोकळी जागा म्हणजेही एका खड्याची रुंदी. ह्या एका नियमातून अक्षराचे पुष्कळसे स्वरूप आपोआप ठरते. रोमन ‘ई’ ह्या अक्षरात तीन आडव्या रेषा व त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या असतात. म्हणून ते अक्षर खड्यांच्या पाच ओळींपेक्षा कमी उंचीत लिहिताच येत नाही. खडा एक सेंटिमीटरचा व सांधा एक मिलिमीटरचा धरला, तर हे अक्षर किमान साडेपाच सेंटिमीटर उंच होईल. जॉर्डनमधील मादाबा येथील सहाव्या शतकातील भूचित्रावरील गावांची ग्रीक नावे बहुतांशी अशाच एकेरी खड्यांच्या रेषांनी लिहिलेली आहेत, आणि ती स्पष्ट वाचता येतात. प्रवेशभूमीवर मात्र रेषा दोन किंवा तीन खड्यांची असणे हिताचे असते. कारण एकेरी रेषेतील एक खडा निघाला, की अक्षरच तुटते.

दुसरी गोष्ट तिरप्या व वक्र रेषांची. चौकोनी खड्यांच्या सरळ जाळीत तिरपी रेषा काढू गेल्यास तिची पायरी-पायरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील दुकानांच्या प्रवेशांत कारखान्यात तयार केलेल्या लहान षट्कोनी किंवा चौकोनी लाद्या बसवीत. तेथे पार्श्वभूमीतील काही लाद्यांचा रंग बदलून अक्षर उठविलेले असे. ही युक्ती स्वस्त व टिकाऊ खरी. पण तेथे अक्षर जाळीच्या स्वाधीन होते. हाताने फोडलेल्या खड्यांचा मार्ग ह्याच्या उलट आहे. तेथे खड्यांची ओळच अक्षराच्या रेषेबरोबर वळते. वळणावर खडा किंचित पाचरीसारखा, बाहेरच्या बाजूस रुंद व आतल्या बाजूस निरुंद असा, फोडावा लागतो. अशा रीतीने ओळीला दिशा देण्याच्या कौशल्यास इटालियन कारागीर ‘आंदामेंतो’, म्हणजे चाल, म्हणतात. अक्षर चांगले दिसते की नाही, हे बहुतांशी ह्या चालीवर ठरते.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. शिकाऊ माणसाची स्वाभाविक समजूत अशी असते, की अक्षर बसविले म्हणजे काम झाले; उरलेली जागा भरून काढावयाची एवढेच. प्रत्यक्षात जुने कारागीर अक्षर किंवा आकृती पूर्ण झाल्यावर तिच्या कडेने पार्श्वभूमीच्या रंगाची एक किंवा दोन ओळी फिरवीत, आणि मगच बाकीची भूमी सरळ ओळींनी भरीत. ही वेढणारी ओळ नसेल, तर पार्श्वभूमीचे अर्धेमुर्धे फोडलेले तुकडे अक्षराच्या कडेस येऊन भिडतात व कड दातेरी दिसते. अक्षराच्या पोटातील पोकळीचाही आकार अक्षराइतकाच विचारपूर्वक भरावा लागतो. ‘ओ’ मधील पांढरा भाग आधी नीट बसविला, तर भोवतीचे काळे वर्तुळ सहज सुरेख येते, असा अनुभव आहे.

चालणाऱ्याची दृष्टी

भिंतीवरील पाटी आणि भूमीवरील लेख यांत वाचकाच्या दृष्टिकोनाचा मोठा फरक आहे. पाटी वाचकाच्या समोर असते. भूमी तिरप्या कोनातून दिसते. वाचकाचा डोळा भूमीपासून दीड मीटर उंचीवर आहे असे धरू. तीन मीटर अंतरावरील २० सेंटिमीटर उंचीचे अक्षर त्यास, तितक्याच अंतरावर समोर उभ्या धरलेल्या सुमारे ९ सेंटिमीटरच्या अक्षराएवढे दिसेल. दीड मीटरवर आल्यावर तेच अक्षर सुमारे १४ सेंटिमीटरचे भासेल. रुंदी मात्र ह्या कोनामुळे कमी होत नाही. परिणामी कागदावर प्रमाणबद्ध दिसलेले अक्षर दारातून येणाऱ्यास बसके व पसरट दिसते. रस्त्यावर रंगविलेल्या सूचनांची अक्षरे लांबट काढतात ती ह्याच कारणाने. प्रवेशलेखाचा आराखडा करताना तो टेबलावर न तपासता जमिनीवर पसरून, दाराच्या अंतरावर उभे राहून तपासला पाहिजे. लेख कोणत्या दिशेने वाचला जावा, आत येणाऱ्याने की बाहेर जाणाऱ्याने, हेही प्रथम ठरवावे लागते.

दोन पद्धती

खडे बसविण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली सरळ पद्धत : भूमीवर ओला थर घालून, त्यावर आराखडा उमटवून, खडे जागच्या जागी वरून बसवीत जाणे. तीत कारागीर आपले अक्षर सुलटे पाहत असतो आणि चूक तत्काळ दुरुस्त करू शकतो. दोष असा, की थर आळण्यापूर्वी बसेल एवढाच भाग एका वेळी हाती घेता येतो, आणि सर्व काम जागेवर, ओणवे बसून करावे लागते.

दुसरी उलटी पद्धत. तीत पूर्ण आकाराचा आराखडा आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटा करून जाड कागदावर उतरवितात. त्यावर खडे पिठाच्या खळीने, दर्शनी बाजू खाली करून, चिकटवितात. मग कागदाचे भाग पाडून, त्यांवर क्रमांक घालून, ते जागेवर नेतात व ओल्या थरावर कागद वर ठेवून दाबतात. थर पुरेसा धरला म्हणजे कागद भिजवून सोलतात आणि सांधे भरतात. दर्शनी बाजू कागदावर सपाट टेकलेली असल्यामुळे भूमी एकसारखी येते. काम कार्यशाळेत बसून, अनेक हातांनी करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या पद्धतीचा प्रसार करण्याचे श्रेय इटलीतील फ्रिउली प्रांताच्या सेक्वाल्स गावच्या जान दोमेनिको फाक्किना (१८२६–१९०३) ह्यास दिले जाते. १८७५ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या ऑपेरागृहातील त्याच्या कामाने ही पद्धत युरोपभर गाजली.

अक्षरलेखनाच्या दृष्टीने ह्या पद्धतीने एक अडचण निर्माण केली. अक्षरे काढणारा एक, उलटी करणारा दुसरा, खडे चिकटविणारा तिसरा आणि बसविणारा चौथा, अशी श्रमविभागणी शक्य झाली. खडे चिकटविणाऱ्यास अक्षर वाचता आलेच पाहिजे असे राहिले नाही. आणि वाचता येत असले तर तेच कधी कधी घातक ठरू लागले. रोमन लिपीतील ‘ए’, ‘एच’, ‘आय’, ‘एम’, ‘ओ’, ‘टी’ ही मोठी अक्षरे उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंस सारखी असल्यामुळे उलटी केली तरी बदलत नाहीत. त्यामुळे हात निर्धास्त होतो, आणि ‘एन’ किंवा ‘एस’ आले की सवयीने ते सुलटे बसविले जाते. ही चूक कागद सोलल्यावर, म्हणजे थर आळल्यावर, उघडकीस येते.

पाया

भूमीचे अक्षर टिकते ते खालच्या थरांमुळे. व्हित्रुव्हिअसने आपल्या स्थापत्यग्रंथाच्या सातव्या खंडात सांगितलेली रचना आजही अभ्यासनीय आहे. धुमसलेल्या जमिनीवर प्रथम मुठीत मावतील त्याहून लहान नसलेल्या दगडांचा थर; त्यावर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचा चोपून किमान पाऊण रोमन फूट, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर, केलेला कोबा; त्यावर तीन भाग कुटलेल्या खापऱ्यांची सुरखी व एक भाग चुना यांचा किमान सहा अंगुळे, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर, जाडीचा थर; आणि त्यावर खडे. उघड्यावरील भूमीस दहा फुटांस दोन अंगुळे उतार द्यावा, असेही तो सांगतो. प्रवेशभूमी ही अर्धी घरातील व अर्धी उघड्यावरची असल्याने तिला हा नियम विशेष लागू पडतो. पाणी साचले की सांधे प्रथम पोकळ होतात आणि मग अक्षरे सुटू लागतात.

दगडाच्या निवडीतही अक्षराचा विचार हवा. संगमरवर मऊ आणि काळा बसाल्ट त्याहून पुष्कळच कठीण. दोन्ही शेजारी बसविल्यास वर्षानुवर्षांच्या पायवाटेने पांढरी भूमी झिजते व काळे अक्षर उंच राहून पायास लागते. म्हणून दोन रंग निवडताना त्यांचा काठिण्याचा मेळ बघावा. चकचकीत काच भिंतीस शोभते. दारातील भूमीवर ती निसरडी होते व तिचे कंगोरे उडतात.

शिक्षणाचा क्रम

फ्रिउली प्रांतात ताल्यामेंतो व मेदूना ह्या नद्यांच्या पात्रांतील रंगीत गोट्यांवर भूमिकारांचा हा धंदा पूर्वापार वाढला होता, आणि तेथील कारागीर कामाच्या शोधात जगभर पांगले. त्याच प्रांतातील स्पिलिंबेर्गो येथे १९२२ मध्ये कुट्टिमकारांची शाळा निघाली; ती अद्याप चालू आहे. तिचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून विद्यार्थी प्राचीन रोमन पद्धतीपासून आरंभ करून बायझंटाइन पद्धतीकडे व तेथून आधुनिक स्वतंत्र रचनेकडे जातो. इतिहासाचा क्रम आणि हाताचा क्रम येथे एकच ठेवला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

अक्षरलेखनापुरता विचार केला, तर पुढील क्रम युक्त वाटतो. प्रथम फोडणे : लाकडी ओंडक्यात उभ्या रोवलेल्या धारदार पात्यावर दगड टेकवून दोन्ही बाजूंस धार असलेल्या हातोडीने नेमक्या रेषेत तोडणे. एक सेंटिमीटरच्या खड्यांनी एक चौरस मीटर भरण्यास सुमारे ८,२०० खडे लागतात; म्हणून फोडण्याचा सराव हा शिक्षणाचा लहान भाग नव्हे. दुसरे, एकाच रंगात सरळ व वक्र ओळी बसविणे. तिसरे, दोन समांतर वक्र ओळी बसवून त्यांमधील सांधे सारखे ठेवणे. चौथे, एक सरळ रेषांचे अक्षर, नंतर एक तिरप्या रेषांचे आणि मग एक वक्र रेषांचे, प्रत्येक आपल्या वेढणाऱ्या ओळीसह. पाचवे, संपूर्ण शब्द. येथे अक्षरांमधील अंतर मोजपट्टीने नव्हे तर नजरेने ठरवावयास शिकावे लागते. हे सर्व सरळ पद्धतीने साधल्यावरच उलटी पद्धत हाती घ्यावी. आधी ती शिकविल्यास विद्यार्थ्यास अक्षराचा परिणाम काम संपेपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो सुधारण्याची वेळ गेलेली असते.

देवनागरीचा प्रश्न

वरील सर्व विवेचन रोमन व ग्रीक अक्षरांच्या अनुभवावर आधारलेले आहे. देवनागरी अक्षर खड्यांत बसवावयाचे तर काही स्वतंत्र प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न उंचीचा. ‘शुभ लाभ’ हे शब्द घ्या. शिरोरेषेस एक ओळ, अक्षराच्या अंगास निदान पाच ते सहा, आणि उकारास खाली तीन, म्हणजे एकेरी रेषेनेही नऊ-दहा ओळी होतात. रेषा दुहेरी केली, तर वीस ओळी, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर. ‘श्री’ लिहावयाचे असल्यास वेलांटीसाठी वर आणखी दोन-तीन ओळी हव्यात. सारांश, ज्या भूमीवर रोमन शब्द आरामात मावतो, तीवर देवनागरी शब्दास लहान खडे तरी घ्यावे लागतील किंवा अधिक जागा तरी द्यावी लागेल.

दुसरा प्रश्न शिरोरेषेचा. तिचा फायदा असा, की ती खड्यांच्या सरळ ओळीस हुबेहूब जुळते व संपूर्ण शब्दास एक आधार देते. अक्षरांतील अंतरे ढळली, तरी शब्द एकसंध राहतो. परंतु तिरप्या दृष्टीने आडव्या रेषा बारीक व उभ्या रेषा जाड दिसतात. म्हणून शिरोरेषा उभ्या दंडाहून थोडी जाड धरणे योग्य ठरेल. बोरूने लिहिलेल्या अक्षरातील जाड-बारीकपणाचे प्रमाण येथे जसेच्या तसे उतरविता येणार नाही.

तिसरा प्रश्न उलट्या पद्धतीचा, आणि तो सर्वांत नाजूक. उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंस सारखे असणारे अक्षर देवनागरीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे रोमन लिपीतील फसवी निर्धास्ती येथे संभवत नाही. पण दुसरा धोका आहे. ऱ्हस्व इकार प्रतिबिंबात दीर्घासारखा दिसतो व दीर्घ ऱ्हस्वासारखा. शुद्धलेखनाची सवय असलेला हात ते ‘सुधारण्यास’ धावतो. अशा वेळी उलट्या आराखड्यावर अक्षर म्हणून न पाहता आकार म्हणून पाहणे, आणि दर टप्प्यास आरसा धरून ताडून पाहणे, एवढाच उपाय आहे.

ज्या प्रदेशात दाराशी रोज रांगोळी निघते आणि सणासुदीस तीत ‘सुस्वागतम्’ लिहिले जाते, तेथे भूमीवरील अक्षर वाचण्याची व काढण्याची सवय निराळी शिकवावी लागत नाही. रांगोळीचे अक्षर संध्याकाळपर्यंत पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. त्यातील चूक दिवसापुरती असते. खड्यांतील चूक इमारतीच्या आयुष्याएवढी टिकते. म्हणूनच अक्षर काढणारा व खडे बसविणारा हे दोन निरनिराळे हात न राहता एकाच शिक्षणक्रमात यावेत, आणि देवनागरीसाठी खड्यांची प्रमाणे प्रत्यक्ष प्रयोगाने निश्चित व्हावीत, अशी आवश्यकता वाटते. लिपिशास्त्र, स्थापत्य व उपयोजित कला ह्या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करण्यास हा विषय सर्वथैव योग्य आहे. आरंभास एक चौरस मीटरची भूमी, दोन रंगांचे दगड आणि एक शब्द एवढी सामग्री पुरेशी आहे.